गार आहे, उघड

ईदच्या आदल्या दिवशी क्लेदुंगच्या खिंडीत गाड्या माना टाकतात. पाराकान सोडलं की चढ लागतो, तो संपायचं नाव घेत नाही. जाकार्ताहून माणसं, गाद्या, बिस्किटांचे डबे आणि सासरच्यांसाठी घेतलेले टेबलफॅन कोंबून निघालेल्या गाड्या सिंदोरो आणि सुंबिंग या दोन डोंगरांच्या मधोमध वाफ सोडत उभ्या राहतात. कास्दीचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान नेमकं तिथेच होतं. लोक म्हणत, काय डोकं लढवलंय पठ्ठ्याने, अगदी मोक्याची जागा पकडली! कास्दी ऐकून घेई. जागा त्याने पकडली नव्हती. खाली गावात त्याच्याकडे कुणी गाडी देईना, म्हणून तो वर आला होता. खिंडीत बंद पडलेल्या माणसाला कारागिराची चौकशी करत बसायला सवड नसते.

हे ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव गुनादी. कास्दी त्याच्या पाराकानच्या दुकानात उमेदवारी करत होता तेव्हाची गोष्ट. एक ट्रक उकळत दारात आला. गुनादीने रेडिएटरच्या वरच्या होजला, त्या रबरी नळीला, उलटा हात लावला आणि म्हणाला, "गार आहे, उघड." कास्दीने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि आतलं उकळतं पाणी त्याच्या अंगावर आलं. उजवा हात, गळा, हनुवटी. कातडी बरी झाली, म्हणजे जेवढी होते तेवढी झाली. पण तो दवाखान्यात विव्हळत पडलेला असतानाच गुनादी बाहेर सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता, "मी बोंबलतोय, उघडू नको, उघडू नको. ऐकेल तर शपथ!"

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते ज्याला कळत नाही त्याला गाडी कोण दाखवणार? गावाने त्याला 'भाजक्या' नाव पाडलं. तेही कास्दीने एक वेळ पचवलं असतं. पण त्याच्या आईनेसुद्धा गुनादीचंच खरं मानलं. गळ्याला कोरफड लावताना ती विचारायची, "का रे ऐकलं नाहीस त्याचं?" कास्दी सांगायचा, आई, तोच म्हणाला उघड. ती नुसती मान हलवायची, खोटं बोलणाऱ्या लेकराला समजून घ्यावं तशी. मरेपर्यंत ती विचारत राहिली. तेव्हापासून गुनादीचं नाव जरी कानावर आलं तरी कास्दीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कधीतरी हा माणूस आपल्या तावडीत सापडावा, एवढं एकच मागणं तो इमानेइतबारे मागत आला होता.

त्या दिवशी दुपारची नमाज होऊन गेली होती. कास्दीची बायको मुर्तिना मागे स्वयंपाकघरात ईदच्या चिकट तांदळाच्या वड्यांसाठी नारळ खवत होती. इतक्यात एक पांढरी गाडी फुसफुसत वर आली आणि दुकानासमोर येऊन गप्प झाली. दार उघडून गुनादी उतरला. पोट सुटलेलं, केस रंगवलेले, मनगटावर घड्याळ.

"अरे! भाजक्या! तू इथे असतोस होय?"

कास्दीच्या हातातला पाना हातातच राहिला. देवाने इतकं ऐकावं याची त्याने तयारी ठेवली नव्हती.

दुसऱ्या बाजूने गुनादीची बायको रुस उतरली. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग कास्दीच्या गळ्याकडे. "भाजक्या म्हणजे तोच का हो? तुमच्या गोष्टीतला? नको नको म्हणत असताना झाकण उघडणारा?" आणि तिला हसू आवरेना. "अगं बाई, माफ करा हं! पण आमच्याकडे दर ईदला जेवताना तुमची गोष्ट निघते. आमच्या लग्नातही सांगितली होती यांनी. अख्खा मांडव हसत होता."

"मांडव हसला?" कास्दीने विचारलं.

"पोट धरधरून!"

"बरं झालं. लग्नात लोकांनी हसावंच. बसा बू रुस, सावलीत बसा." त्याने बाकडं पुढे सरकवलं. बाईमाणसाला मानाने म्हणायचं ते 'बू' त्याच्या तोंडून आपसूक निघालं होतं.

गुनादीला गोष्टीत रस नव्हता. "ते राहू दे. हे बघ कास्दी, आता दुकान जाकार्ताला आहे माझं, रात्री तिथून निघाल्यापासून सारखं पाणी घालतोय आणि खाली एक थेंब सांडलेला दिसत नाही. पाणी जातंय कुठे? मला वोनोसोबो गाठायचंय. शेवटचा रोजा आईसोबत सोडायचाय. म्हातारी आमच्याशिवाय घास घेणार नाही. आज सगळी दुकानं बंद, नाहीतर…"

"नाहीतर इथे कशाला थांबला असता, कांग," कास्दी म्हणाला. लहान माणसाने मोठ्याला दादा म्हणावं तसं तो अजून अदबीने 'कांग' म्हणत होता. तोंडाला जुनी सवय होती. "आणि पाणी म्हणजे साधं पाणी? कूलंट नाही?"

"विहिरीचं. ईदच्या आधी लोकांच्या गाड्यांतून मान वर काढायला फुरसत असते का मला?"

बाकी सगळ्यांच्या रेडिएटरची काळजी वाहणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीला विहिरीचं पाणी पाजावं, हे फक्त रेडिएटरवालाच करू जाणे. साध्या पाण्याला रंग नाही, वास नाही. कुठून झिरपलं तर डाग मागे राहत नाही, आणि आतून मात्र लोखंड खाऊन टाकतं.

"बॉनेट वर करून ठेवतो. गार होऊ दे," कास्दी म्हणाला. "गरम झाकण मी उघडत नाही. शिकलोय मी ते."

गुनादी तोंड फिरवून तोंड धुवायला मागे गेला. खिंडीत वारा सुटला होता, तंबाखूच्या शेतांवरून येणारा थंडगार वारा. तो थेट गाडीच्या नाकावर आदळत होता. कास्दीने वरच्या होजला हात लावला. बाहेरून होज गार. मग त्याने तो मुठीत धरून दाबला. होज दगडासारखा टणक होता. म्हणजे आत थर्मोस्टॅट, इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, गंजून बंद अवस्थेत अडकला होता. पुढचा रेडिएटर वाऱ्याने निवला होता आणि मागे इंजिनात पाणी उकळत, कोंडून बसलं होतं. झाकण फिरवायचा अवकाश होता.

कास्दी बाजूला सरला आणि पान्यावरचं ग्रीस पुसत बसला.

गुनादी परत आला, घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. "किती वेळ?"

"इंजिनाला विचारा."

"उगाच वेळ काढू नकोस रे. मलाही कळतं." तो पुढे वाकला आणि त्याने होजला उलटा हात लावला. तोच हात, तशीच चार बोटं. "गार तर आहे! बघ. कशाला अडवून ठेवलंयस?" त्याने दोरीवरचं फडकं ओढलं आणि हातावर गुंडाळलं.

कास्दी काही बोलला नाही. बोलायचं कारणच काय होतं? त्याने काही केलं नव्हतं. पाणी त्याने घातलं नव्हतं, गंज त्याने चढवला नव्हता, हात त्याचा नव्हता. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते तर त्याला गेली कितीतरी वर्षं सगळ्यांनी ठेवायला लावलंच होतं. त्याच्या मनात एवढा गोडवा दाटून आला की त्याला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. उघड, तो मनात म्हणाला. उघड बाबा. उद्या ईदच्या दिवशी सगळे नातेवाईक तुझा गळा बघू देत.

गुनादीचा हात झाकणावर पोचला. तेवढ्यात रुस पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. "मी ओतते पाणी, तुम्ही नुसतं झाकण धरा," म्हणत ती त्याच्या कोपराशी वाकली. तिचा चेहरा बरोबर झाकणावर आला.

कास्दीने पाना टाकला आणि गुनादीच्या मनगटावर एवढ्या जोरात फटका मारला की फडकं उडून रस्त्यावर गेलं.

"वेड लागलं का तुला?" गुनादी ओरडला.

"होज दाब."

कास्दीने त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. तेही बायकोदेखत. गुनादीचे कान तापले. पण कास्दीचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने होज मुठीत धरला आणि दाबला. मग पुन्हा दाबला. त्याचं तोंड उतरलं. तो झाकणाकडे बघत दोन पावलं मागे आला आणि बायकोला दंडाला धरून त्याने मागे ओढलं.

"काय झालं?" रुसने विचारलं.

"बाहेरून गार लागतंय," गुनादी पुटपुटला. "आत दाब आहे. नुसता हात लावला तर कळत नाही."

"पण तुम्ही म्हणालात गार आहे."

गुनादी रस्त्यावरचं फडकं उचलायला वळला. रुस मात्र मूग गिळून बसणारी बाई नव्हती. तिने त्या होजकडे बघितलं, नवऱ्याच्या उलट्या हाताकडे बघितलं आणि मग कास्दीच्या गळ्याकडे. हसू केव्हाच मावळलं होतं. "त्या दिवशी," ती म्हणाली, "त्या ट्रकच्या वेळी गार आहे असं कोण म्हणालं होतं?"

"जुनी मढी कशाला उकरतेस रुस? उशीर होतोय."

"मी तुम्हाला विचारलं."

तिने कास्दीकडे बघितलं. कास्दी बाकड्यावर जाऊन बसला होता. "मी नाही सांगणार, बू. मी सांगून बघितलंय. माझ्या आईनेसुद्धा विश्वास ठेवला नाही. आता यानेच सांगायचं. सांगेपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. पुढे वोनोसोबोपर्यंत पुरता उतार आहे, न्यायची तर ढकलत न्या."

"अरे, उद्या ईद," गुनादी हात पसरून म्हणाला. "उद्या सगळेच एकमेकांना माफ करतात."

"उद्याचं उद्या. आज रोजा आहे. खोटं बोलशील तर रोजा जाईल, गप्प बसशील तर संध्याकाळ जाईल. काय घालवायचं ते ठरव."

वारा चालूच होता. वरून दोन ट्रक गेले. गुनादीने घड्याळाकडे बघितलं, मग जमिनीकडे बघून म्हणाला, "मीच म्हणालो होतो."

"डांबराला सांगतोयस का?" कास्दी म्हणाला. "तिला सांग."

"मीच म्हणालो होतो, गार आहे, उघड." गुनादीने मान वर केली, पण बायकोच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. "मीही तेव्हा नवाच होतो. मालक म्हणून नाव व्हायचं होतं. लोक म्हणाले असते, मालकालाच कळत नाही. एकदा बोलून गेलो, मग तेच सांगत राहावं लागलं."

"राहावं लागलं?" रुस म्हणाली. "मांडवात कुणी सुरी धरली होती गळ्यावर?" तिने हातातली बाटली बाकड्यावर ठेवली आणि ती कास्दीशेजारी, पण त्याच्याकडे न बघता बसली. मघाशी आपण त्याच्या तोंडावर हसलो, हे तिला आता जिव्हारी लागलं होतं.

इंजिन खरोखर गार झालं, होज मऊ पडला, तेव्हा कास्दी उठला. झाकण काढलं तर आत चहासारखं तांबडं पाणी. त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला आणि हवा भरली. काटा चढला आणि हळूहळू खाली सरकू लागला. गळती नक्की होती, पण होज कोरडे, पाण्याचा पंप कोरडा, गाडीखाली जमीन कोरडी.

"मुर्तिना! वड्यांचा लाल रंग दे," त्याने आत हाक मारली.

"आणि वड्या काय पांढऱ्या करू?" आतून आवाज आला. तरी बाटली आली.

त्याने खाण्याचा लाल रंग पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतला, पुन्हा पंप मारला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. सायलेन्सरचा पाइप इंजिनातून जिथे निघतो, त्याच्या मागे, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी इंजिनाच्या कुशीत बसवलेलं पत्र्याचं एक गोल बूच होतं. गंजाने त्याला सुईएवढं भोक पाडलं होतं, आणि त्या भोकातून शेंदरासारखा लाल थेंब फुगत होता. इंजिन चालू असताना तो थेंब तापलेल्या पाइपवर पडायचा आणि वाफ होऊन जायचा. म्हणून खाली कधी काही सांडलं नाही.

"हे बघ," कास्दीने आरसा धरला. गुनादीने गुडघे टेकून बघितलं आणि मान हलवली.

पाइप सोडवून जुनं बूच ठोकून काढायला बराच वेळ गेला. कास्दीने खाच घासून स्वच्छ केली, नवं पितळी बूच कडेला चिकटा लावून खाचेवर धरलं आणि त्यावर लोखंडी ठोकळा ठेवून हातोडी उचलली. तेव्हा मोह झाला. नीट झाला. बूच अर्धवट बसवलं तर वोनोसोबोच्या वाटेवर क्रेतेकच्या उतारावर ते उडून जाईल, इंजिन जागीच बंद पडेल, अंधारात, चढणाऱ्या ट्रकांच्या रांगेसमोर, आणि कुणाला कळणारही नाही. पण मग गुनादीचं म्हणणंच खरं ठरलं असतं. कास्दीला काम येत नाही, हेच तर तो सगळ्यांना सांगत आला होता. त्याची थाप खरी करण्याएवढा कास्दी खुळा नव्हता. त्याने बूच असं बसवलं की गाडी मोडीत निघेल पण ते निघणार नाही. अडकलेला थर्मोस्टॅट काढून नवा घातला, गंजकं पाणी उपसलं, धुतलं, हिरवं कूलंट भरलं, हवा काढली, इंजिन चालू ठेवून बघितलं. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला.

ऊन सिंदोरोच्या मागे गेलं होतं. रुसच्या हातातला फोन वाजला. गुनादीच्या आईचा होता. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन नेहमी स्पीकरवरच.

"कुठे आहात गं? रोजा सोडायची वेळ होत आली!"

"गाड्या अडकल्यात सांग," गुनादी हळूच म्हणाला.

"क्लेदुंगला आहोत, आई," रुस ओरडून म्हणाली. "कास्दीच्या दुकानात. भाजक्या म्हणतात ना तुमच्याकडे, तो. आणि आई, तुमचा मुलगा त्याला म्हणाला होता, गार आहे, उघड. यांनीच उघडायला लावलं होतं. आत्ता माझ्यासमोर कबूल केलंय."

गुनादी फोन घ्यायला पुढे झाला. तिने हात मागे नेला. फोनवर भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुठला कास्दी?" म्हातारी म्हणाली. "सुमिराचा?"

"हो आई," गुनादी म्हणाला.

"मी तेव्हा तुझ्याकडे पाराकानला होते. भर बाजारात मी सुमिराला म्हटलं होतं, पोराला कान दिलेत की भोपळे. ती खाली मान घालून भाजी न घेताच निघून गेली. ती आहे का रे?"

"नाही," कास्दीने उत्तर दिलं. "गेली."

"गुनादी," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "उद्या माझ्या पायाशी बसायला येऊ नकोस. आधी त्याच्याकडून मोकळा होऊन ये." फोन बंद झाला.

ईदच्या सकाळी पोरांनी आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून माफी मागायची आणि तिने डोक्यावर हात ठेवायचा, हे ज्या घरात चुकत नाही, त्या घरातला थोरला मुलगा रस्त्याच्या कडेला उभा होता. कास्दीला वाटलं, आपण मनातल्या मनात इतकी वर्षं याला इतक्या परीने भाजलं, पण हे काही आपल्याला सुचलं नव्हतं.

गुनादीने दोन्ही हात पुढे केले आणि मान झुकवली. "कास्दी, माफ कर. बाहेरचं, आतलं, सगळं माफ कर."

"हे ईदचं ठरलेलं वाक्य झालं. हे तर उद्या तू पोस्टमनलाही म्हणशील."

"मग काय म्हणू? सांग, तसं म्हणतो."

"मला भाजलं ते जाऊ दे, ते मी सोडलं," कास्दी म्हणाला, आणि आपण हे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. "पण बाकीचं माझ्याकडे नाही. का ऐकलं नाहीस, का ऐकलं नाहीस, असं ती मला मरेपर्यंत विचारत होती. त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे. ती खाली पाराकानच्या कबरस्तानात आहे, पाण्याच्या टाकीमागे. तिथे जाऊन सांग."

"आत्ता? अंधार पडतोय. आई तिकडे उपाशी बसलीय."

"गाडी झालीय. खालीही जाते, वरही जाते."

रोजा सुटल्याचा मशिदीतला ढोल वाजला. मुर्तिना नारळाच्या दुधातली केळी आणि चहा घेऊन आली आणि तिने पहिला पेला रुसच्या हातात दिला, दुसरा गुनादीच्या. रोजेदाराला दारातून उपाशी पाठवायचं नसतं, मग तो कुणीही असो. कास्दी मात्र आत जाऊन एकटाच जेवायला बसला. भात, तेम्पेची म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भजी, मिरची. घास तोंडात होता, पण कान बाहेर होते.

दारं लागली. इंजिन चालू झालं, शांत, न खोकता. मग गाडी जागची हलेना. मुर्तिना दाराच्या फटीतून बघत म्हणाली, "बाई बसलीय चालवायला. तो नुसता बसून आहे." कास्दीने मान वर केली नाही.

रिव्हर्स गिअरचा आवाज आला. गाडी मागे आली, वळली, तिचे दिवे क्षणभर भिंतीवरून फिरले आणि आवाज पाराकानच्या दिशेने उतरत गेला.

कास्दीने ताट बाजूला सारलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला मनापासून आनंद झाला होता, असा की त्यात कुणाची दया नव्हती.

"आई," तो म्हणाला, मुर्तिनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "तो येतोय. आता त्याला विचार."